प्रीतीताईचं वर-खाली होणारं टेबल

६ मे, मंगळवार

खांब आले! दोन लोखंडी खांब, त्यात मोटर, अन् बटणांची एक पट्टी. बटण दाबलं की खांब सावकाश वर येतात, दुसरं दाबलं की खाली बसतात. रुपराव मिस्त्रींनी तीन-चारदा करून पाह्यलं. लहान पोरावाणी. मंग म्हणाले, "वरचं सगळं तू कर गोलू. मी हात लावत नाही."

मले वाटलं थट्टा करून राहिले. पण खरंच जाऊन दाराच्या चौकटी घासाले बसले.

नागपूरजवळ वाडीले, या सुतारीच्या कारखान्यात मी दिवाळीनंतर आलो. त्याच्या आधी कुठंच टिकलो नाही. हे मिस्त्रींले माहीत आहे. तरी देलं.

७ मे, बुधवार

माप घ्याले नागपूरच्या दुसऱ्या अंगाले, बेसा वस्तीत गेलो. टेबल प्रीतीताईंचं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. घरात त्या अन् त्यांची आई, अंजनाबाई. ताई जमिनीवर गादी टाकून पडल्या होत्या. मागच्या वर्षी गाडीवरून पडल्या, मणक्याचं ऑपरेशन झालं. चालता येते, उभं राहता येते, पण बसलं की थोड्या वेळात कळ निघते. अन् काम सगळं कंप्युटरवरचं — परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासायची. कंपनीनं इतके दिवस सांभाळून घेतलं. आता म्हणते, एकोणीस तारखेपासून घरून पूर्ण ड्युटी करा, नाही तं काम सोडा. घर त्यांच्याच पगारावर चालते.

म्हणून हे टेबल. बसून काम, कळ निघाली की बटण, मंग उभ्यानं काम.

कोपराचं माप घेत होतो तं अंजनाबाई मागून, "जल्दी माप ना गा, पोरगी थकते."

ताई म्हणाल्या, "घेऊ दे वं आई नीट. घाई केली तं टेबल बुटकं होईन, मंग माझ्या वाटचं तूच वाक."

मंग अंजनाबाईंनी विचारलं, "कोण्या गावचा तू?"

"देवरीकडचा."

"एवढ्या दुरून? जेवतं कुठं?"

"खोलीवर. करतो काही तरी."

पुढं काही विचारलंच नाही, ताट वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरून तेल टाकलेली चटणी. माप घ्याले गेलो अन् जेवून आलो!

९ मे, शुक्रवार

कंप्युटरचा डबा कुठं ठेवायचा? दोन दिवस हेच डोक्यात. जमिनीवर ठेवला तं टेबल वर जाताना सगळ्या वायरी ओढल्या जातात. आज सुचलं — डबाच टेबलात घालायचा. फळीच्या खाली प्लायची पेटी, एका बाजूले जाळी, एका बाजूले छोटं दार. टेबल वर गेलं की कंप्युटरही वर. वायरी सगळ्या आत, बाहेर एकच.

मिस्त्रींले खडूनं काढून दाखवलं. "हं," म्हणाले. त्यांचं 'हं' म्हणजे दुसऱ्याची शाबासकी.

जाळीचं तोंड खिडकीकडं ठेवलं. खिडकीत कूलर आहे. कंप्युटर गरम होते, त्यात नागपूरचा मे महिना. थंड हवा सरळ आत जाईन. हेही मलेच सुचलं. कोणाले विचारलं नाही.

शाळा आठवली आज. एका जागी बसवतच नव्हतं मले. गुरुजी म्हणत, उभा राह्य. ती सजा होती. मले ती सजा आवडे. आठवीत सुटली शाळा.

१० मे

दिवसभर सनमायका. हात चिकट.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. ताई म्हणाल्या, आजच आणा, चांगला दिवस आहे. टेम्पोतून टेबल नेलं. आतल्या खोलीत जोडलं, डबा पेटीत बसवला, वायरी लावल्या. घरात खिरीचा वास.

ताईंनी बटण दाबलं. टेबल वर आलं. कोपरापाशी बरोबर थांबलं. ताई उभ्या राहून टाइप कराले लागल्या. काय टाइप करून राहिल्या मले नाही समजलं, इंग्रजी होतं. मंग तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "आई, पाह्य वं. वाकाच लागत नाही."

अंजनाबाई खीर घेऊन आल्या. एक वाटी ताईंले, दोन मले. "तुह्या हाताले यश आहे गा," म्हणाल्या.

येताना बस आली तरी नाही चढलो. निम्मा रस्ता पायीच आलो. उगाचच.

१५ मे, गुरुवार

सकाळी ताईंचा फोन. कंप्युटर बंद पडला.

गेलो. पेटीचं दार उघडतच नव्हतं, फुगून बसलं होतं. पटाशीनं उघडलं. आत ओल. पंख्याले कूलरच्या ताट्यांचं गवत चिकटलेलं, वर बारीक थेंब. जाळीसाठी प्लाय कापला तिथली कड मी उघडीच ठेवली होती. ती पाणी पिऊन जाड झाली.

मिस्त्रींले फोन केला. ते म्हणाले, "कूलरच्या तोंडासमोर कोणी लोखंडाचं कपाट ठेवत नाही, अन् तू कंप्युटर ठेवला? कूलर हवा नाही फेकत बेट्या, पाणी फेकते."

आमच्या घरी कूलर नाही. खोलीवरही नाही. हवा थंड असते एवढंच मले माहीत होतं.

पळून जावं वाटलं. खरंच. चप्पलही पायात घातली होती.

ताई गादीवरून म्हणाल्या, "मी रोज इथंच राहते ना गोलू, मले तरी कुठं सुचलं? पेचकस आण, स्क्रू खोल. मी सांगते तसं कर."

चप्पल काढली.

१६ मे, शुक्रवार

ताई पडल्या-पडल्या सांगत होत्या, मी करत होतो. ही खिट्टी दाब. ही पट्टी सरळ वर ओढ. तिथं बोट नको लावू. सगळं सुटं केलं, ब्रशनं झाडलं, पुसलं, चादरीवर पसरवून पंख्याखाली ठेवलं. अंजनाबाई म्हणाल्या, "पापड वाळवून राहिले का गा दोघं? उलटवाले मी येऊ?"

ताई इतक्या हसल्या की पाठ धरावी लागली.

पेटी मी कारखान्यात आणली. जाळीची जागा बंद केली, दुसऱ्या अंगाले, भिंतीकडं, नवीन कापली. फुगलेली बाजू फेकून नवी घातली. प्रत्येक कडेले वॉर्निश, आतूनही. मिस्त्रींनी वॉर्निशचे दोन हात स्वतः मारले. हात लावत नाही म्हणाले होते.

१७ मे, शनिवार

पेटी बसवली. डबा आत. वॉर्निश पूर्ण सुकेपर्यंत कूलर बंदच ठेवू म्हटलं. एवढ्या गरमीत! कोणी कुरकुर नाही केली. अंजनाबाई पेपरानं वारा घालत बसल्या, पोरीले नाही, टेबलाले.

दुपारी ताईंनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आतला पंखा फिरला, पडद्यावर उजेड आला. मी भिंतीले टेकून खालीच बसलो.

१९ मे, सोमवार

आज ताईंची ड्युटी. माझं लक्ष नव्हतं कामात. मिस्त्रींनी माझ्या हातातली करवत काढून घेतली, "बोट कापशीन. जा, चहा सांग."

संध्याकाळी फोन आला. अंजनाबाईंचा.

"झाली गा पूर्ण ड्युटी. अर्धी बसून, अर्धी उभ्यानं. आता झोपली. तू जेवला का?"

२० मे

आज काही लिहाले नाही. बरं वाटून राहिलं, बस.

७ जून, शनिवार

बेसाले टेबल खोलून आलो.

कंपनीनं ताईंले पुण्याच्या ऑफिसात बोलावलं. व्हिडिओवर दिवसभर काम करताना साहेबानं पाह्यलं — म्हणे, आता तुम्ही ठीक आहात. पडल्या नसत्या तं मागच्या वर्षीच जाणार होत्या. खूप खुश आहेत. टेबल सोबत जाते, आपल्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवरूनच, ट्रकनं. ताई म्हणतात, आई तूही चल, तं अंजनाबाई म्हणतात, मले हेच घर बरं.

मी टेबलाखाली शिरलो तशा अंजनाबाई बाजूले येऊन बसल्या. ताई बाहेर फोनवर होत्या.

"तुह्या टेबलानं पोरगी उभी केली गा," हळूच म्हणाल्या. "उभी झाली, तं चालली."

मी एक-एक स्क्रू काढत गेलो. त्या वाटीत धरत गेल्या. एकही खाली पडू देला नाही.