कलकत्त्याला चौथं माणूस

ता. १७ ऑक्टो., सोम.
संजूला सुटी नाही मिळाली. कंपनीत प्लांट बंद करून दुरुस्ती काढलीय, नेमकी दिवाळीच्या वेकेशनात. कलकत्त्याची चार तिकिटं कधीची काढलेली. राहिले तिघे, सूनबाई वैशाली नि दोन मुलं. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, तिघांनी प्रवासाला निघू नये हो. मला काही सुचवायचं नव्हतं, खरंच. तर संजू म्हणाला, "मग आई, तूच चल चौथी. माझ्या तिकिटावर तुझं नाव करून घेतो." वैशाली उठून डबे भरायला गेली. पोळी करपली माझी आनंदाने.

ता. १८, मंगळ.
आजवर बडोद्याबाहेर गेले ती नाशिक, डाकोर, पावागड, नि नणंद गेली तेव्हा सुरत. म्हणजे देव नाहीतर मयत. या खेपेला नवस नाही, लग्न नाही, कुणी मेलं नाही. नुसतं बघायला जायचं. समोरच्या ज्योत्स्नाबेनला मुद्दाम सांगून आले. म्हणाली, "मासी, तमारे तो मजा छे." आहेच मुळी. तिच्या सासूला तिनं गावातल्या पाणीगेटपुढे नेलेलं नाही कधी. तेही म्हटलं तिला.

ता. २१, शुक्र.
मुलांनी यादी केली. ट्राम, जमिनीखालची गाडी, नदीवरचा पूल. रुचीचं (बारा पूर्ण) अक्षर फार सुंदर. खाली लाल शाईने 'आजीचे नियम'. ढेकर नाही. रिक्षावाल्याशी घासाघीस नाही. अनोळखी माणसाला तुम्ही कुठले, मुलं किती, विचारायचं नाही. दात ग्लासात नाही, डबीत. मी म्हटलं, अगं मग बोलू काय? म्हणाली, कमी बोल. ओम (दहाचा) खो खो हसला. मीपण हसले. दातांना डबी आणली लगेच, निळी.

ता. २३, रवि.
कमाटीबागेत माझी चालायची परीक्षा. रुची घड्याळ लावून उभी. एक फेरी झाली, दुसरीला गुडघा... बाकावर बसले. ओम माझ्यासारखा कमरेवर हात ठेवून, वाकडा वाकडा चालून दाखवत होता, येणारेजाणारे हसत होते. हुबेहूब करतो. रुचीने वहीत लिहिलं, नापास. मी म्हटलं, फेरपरीक्षा घे. येताना लहरीपुऱ्यातून बूट घेतले, पोरांसारखे, नाडीचे. साडीखाली कसे दिसतात ते बघून वै. पहिल्यांदा हसली.

ता. २५, मंगळ.
संजूने तिकिटावर माझं नाव करून घेतलं. एकदाच बदलता येतं म्हणे. मग मुलांनी स्टेशनवर नेलं, सरकत्या जिन्यावर शिकवायला. पाय टाकते, काढते, टाकते, काढते. मागे रांग लागली. एक जण खेकसला, "माजी, हटो ना." मी कठड्याला मिठी मारली. रुची वरून मोबाइलमध्ये व्हिडिओ घेत होती. संध्याकाळी पुण्याहून माझ्या लेकीचा फोन, हसू आवरेना तिला. म्हणाली, सगळ्यांनी बघितलं आई, काय नाचत होतीस. म्हटलं, नाचेन नाहीतर काय. चाललेय कलकत्त्याला.

ता. २७, गुरु.
चकल्या तळताना ओमने विचारलं, तिघं गेली तर काय होतं? मग सांगितलं. आम्हीपण तिघंच होतो, हे, दीर नि मी. पावागडला. सासूबाईंना यायचं होतं, माई म्हणायचो त्यांना. लुगडं घडी करून ठेवलेलं. मला नको होत्या, वाटेत सारखे पाय चेपायला लावतील. तर मी डब्यातली सुपारी काढली नि म्हटलं, ही घ्या चौथी, तिघांत सुपारी ठेवली की झालं. माई पायरीवर गाठोडं धरून उभ्या. मी माईंचं तोंड करून दाखवलं. ओम गडबडा लोळला. परत सांग म्हणाला, परत सांगितली.
रुची हसली नाही. "मग वाटेत काही झालं का?"
काय व्हायचंय? छान दर्शन झालं.
हे मी का सांगितलं, देव जाणे. चकल्या मात्र खुसखुशीत झाल्या.

ता. २ नोव्हें., बुध.
काल भाऊबीज आटपली. आज चहाला सगळे बसलेले, रुची म्हणाली, "मम्मी, आपण सुपारी नेऊ ना. आजीच म्हणाली, चालते."
ओम म्हणाला, "सुपारीला ढेकर येत नाही."
संजूने पेपर वर धरला. वै. रागावेल म्हणून मी वाट बघितली. तिने साखर ढवळली. मग मी भांडी विसळताना मागे येऊन उभी राहिली.
"आई, सुपारी अखंड लागते की फोडलेली चालते?"
अखंड, म्हटलं. विचारलं तर खरं सांगायला नको?

ता. ३, गुरु.
संजू खोलीत आला. माझ्या बुटांकडे बघत बसला. "आई, तूच म्हण ना, झेपणार नाही म्हणून. नाहीतर मुलांना उगाच वाटेल की आपण तुला..." तिकीट तसंच आहे, माझ्या नावाचं. कुणी रद्द करत नाही. मी करायला सांगावं, म्हणून थांबलेत.
त्याच्या पाठीवर हात फिरवला. मग बुटांच्या नाड्या ओवत बसले.

ता. ४, शुक्र.
उद्या गाडी. वै.ने सकाळपासून दोनदा गुडघा विचारला. रुचीने आपणहून गरम पाण्याची पिशवी आणून दिली, एवढी माया वर्षात केली नव्हती. सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, आता म्हणेल, मग म्हणेल. जेवताना मी आमटी परत घेतली. विचारलं, तिकडे थंडी असते का गं, स्वेटर घेऊ? वै. म्हणाली, "बघू आई."
दुपारी बॅगा दाराशी आल्या. मी माझी नेऊन त्यांच्या तिघांच्या मधे ठेवली. चहानंतर बघते तर भिंतीकडे, एकटी सरकवलेली.
उचलली, परत मधे ठेवली. सामान तेवढंच, पण जड झालीय.