गाठीतली हिरवी साडी

९ जानेवारी १९७८, सोमवार. देवळी.
कापसाच्या जिनिंगात मुकादमीण होऊन आज महिना झाला. वीस बाया माझ्या हाताखाली मशीनला कापूस घालतात, पलीकडच्या वीस दुसऱ्या मुकादमिणीच्या, शांताच्या. भोंग्याआधी आज पुन्हा बायबल वाचून दाखवलं, पौलाचं ते, चाकरांनी धन्याचं मनापासून ऐकावं. बाया हिंदू, तरी माना डोलावतात. साहेब खूष. मी तर हवेतच!

१० जाने.
माझ्या वीसांतल्या राधानं पोरीसाठी शेडमध्येच झोका बांधला, मशीनच्या पट्ट्याशेजारी. साहेबांची ताकीद आहे, झोके बाहेर निंबाखाली. म्हणे, "थंडी हाय बाई, पोरीले खोकला झाला." डोकं फिरलं माझं. पोरगी तिच्या मांडीवर दिली, झोक्याची साडी सोडून भिरकावली. सगळ्यांसमोर. "काम कराले येतं का लेकरू खेळवाले?" पोर रडत होती. नियम म्हणजे नियम. बरोबरच केलं मी.

१२ जाने.
बाप रे. प्रेसमधून दाबून निघालेल्या रुईच्या गाठीतून हिरवा काठ बाहेर! राधाच्या झोक्याची साडी. रुईत चिंधी सापडली तर व्यापारी अख्खी गाठ परत पाठवतो. साहेब कडाडले, "बाईनं रागावलं म्हणून मुद्दाम केलं हिनं." राधाला तिथल्या तिथं कामावरून काढलं. जाताना माझ्याकडे पाहत राह्यली. साडी रुईच्या ढिगावर मीच फेकली होती. तोंड उघडलं नाही मी.
नळावर शांता म्हणाली, "म्या पाह्यलं, मार्था. पण सांगत नाई कोणाले. आपण दोघी मुकादमिणी." आधी हायसं वाटलं. मग स्वतःची किळस आली.

१३ जाने., सकाळ.
बायबल उघडलं. रोज थांबते तिथं आज थांबले नाही. चार ओळी खाली पौल धन्यांनाही सांगतो, तुम्हीही तसंच वागा, धमकावणं सोडा, वरचा धनी दोघांचा एकच आणि तो तोंड पाहून न्याय करत नाही.
ही ओळ काय काल छापली, मार्थाबाई? बायांना कधी वाचून दाखवली?

त्याच दिवशी, संध्याकाळ.
ऑफिसात गेले. शांता आडवी आली, "येडी झाली का वो? मुकादमी जाईन!" तरी गेले. साहेबांना सरळ सांगितलं, साडी मी फेकली. पट्ट्याजवळ झोका नको हे तुमचं खरंच आहे, साहेब, पण वजनकाट्याजवळची खोली रिकामी पडली आहे, लेकरं तिथं निजतील. साहेब लाल. "कोणी पाह्यलं?" शांताचं नाव घेणार नव्हते. तर दारातून आवाज, "म्या पाह्यलं, साहेब." शांताच! रडूच आलं मला.
साहेबांनी खोलीची किल्ली टेबलावर टाकली. मग, "राधाले बोलवा. खोली उघडा. तुमचं सोमवारी पाहतो."
तशीच राधाच्या घरी. ती चुलीपाशी होती. म्हटलं, चुकलं माझं.
"चाळीस बायाइसमोर बोल्ल्या तुम्ही. आन माफी चुलीजवळ काऊन?"
खरं आहे.

१४ जाने.
जिंकले! जिंकले म्हणजे हरले, पण काय हरले!
भोंग्याआधी चाळीसही बायांना उभं केलं. पौलाचं सगळं वाचलं, धन्यांचं सुद्धा. मग नाव घेऊन म्हटलं, राधा, साडी मी फेकली, चूक माझी, माफ कर. राधा म्हणाली, "ते धन्याचं पुन्हा वाचा." वाचलं. बाया हसत सुटल्या, टाळ्या काय, विचारू नका. राधानं हातावर संक्रांतीचा लाडू ठेवला.
गाठ फोडून साडी काढली. खोलीत पहिला झोका तिचाच, पहिली गाठ मी मारली. दुपारपर्यंत सहा झोके.

१६ जाने., सोमवार.
मुकादमी राहते की जाते, दहाला कळेल. भीती आहे, खोटं कशाला बोलू.
राधा मशीनवरून ओरडली, "गेली तर माह्या बाजूले या, बाई, मी शिकवतो! पण माह्या झोक्याले हात लावाचा नाई!"
साहेबांचा शिपाई बोलवायला आला. बायबल काखेत घेतलं आहे. वाच म्हणाले तर आज पूर्ण वाचीन.