वाय दाबून केलेली दुरुस्ती

नाना,

मी आपला थोरला मुलगा, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी, धंदा पुस्तकबांधणी, आता निवृत्त, राहणार लक्ष्मी गेट, झाँसी, खालील मजकूर शुद्धीवर राहून आणि संतापून लिहितो.

आपण गेल्यावर आईचे बोलणे मी कॅसेटींवर घेतले होते. त्यांना बुरशी लागू लागली तेव्हा सुनेने ते सारे कॉम्प्युटरमध्ये उतरवले आणि कॅसेटी टाकून दिल्या. एकतीस फाइली, प्रत्येकीस नाव मी दिलेले. मंगळवारी दुपारी वीज गेली, आणि मशीन पुन्हा लावले तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येऊन थांबल्या. बांधणीवाल्याच्या भाषेत सांगतो: पाने शाबूत होती, अनुक्रमणिका फाटली होती. अशा वेळी द्यावयाचा 'एफएससीके' हा दुरुस्तीचा हुकूम सुनेने वहीत लिहून ठेवला आहे. त्याच्या वर लाल शाईत आहे: आधी मला फोन करावा, डिस्कची नक्कल घेऊ. मी फोन केला नाही. हुकूम दिला.

मशीन एकेक प्रश्न विचारू लागले. होकारास वाय, नकारास एन. मी वाय दाबत गेलो. तेव्हा जुना दिवस डोळ्यांपुढे आला: आपण मला चौथीतून काढून छावणीतल्या बाइंडरपुढे उभे करता, आणि मी विचारतो की काम समजले नाही तर काय करू. आपण म्हणता, "समजो न समजो, 'हो जी' म्हणायचे. विचारून आपली लायकी दाखवू नये." नाना, जन्मभर मी तेच करीत आलो. मंगळवारी चाळीसेक वेळा केले.

संध्याकाळी सून कचेरीतून आली. मशीन उत्तम चालत होते. फाइली अकरा उरल्या होत्या, त्याही नावे जाऊन नुसत्या आकड्यांच्या. बाकीच्या कुठे, असे मी दरडावून विचारले.

"बाबा, खराब झालेल्या पुसू का, असं त्यानं विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात." मग ती म्हणाली, "एन भी तो था, बाबा."

वही नीट लिहिली नाहीस, असे म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ओरडायचे होते आपल्यावर. आईचा आवाज आपल्या त्या शिकवणीने पुसला, आणि ऐकून घ्यायला आपण नाही.

प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर दिले, असे मी सुनेला सांगितले आहे. ते खोटे आहे. मला एकही प्रश्न वाचता आला नव्हता. हे पत्र कुठे धाडायचे नाही. तिला सांगायचे आहे, आणि ते अद्याप झालेले नाही.

दुरुस्तीच्या वेळी हजर: कोणी नाही. हे लिहिताना हजर: सून, पलीकडच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, अकरांपैकी चौथी फाइल ऐकत.