ताम्रपटाखाली

नोव्हाय, अमेरिका, सप्टेंबर २००३

श्रीरंगकाका,

काल तुमच्याकडे आरती झाल्यावर मोदकावर तूप घेत तुम्ही म्हणालात, "इराक्यांना राज्य चालवता येत नाही. अमेरिकेने शिकवलं तर बिघडलं कुठे?" तुमच्या डोक्यावरच भिंतीवर आजोबांचा स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट होता! इंग्रज आपल्याबद्दल हेच म्हणायचे, म्हणून तर बेचाळीसला आजोबा तुरुंगात गेले. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

तुमची नात सिया म्हणाली, "मग पणजोबा राँग होते?" तुम्ही नुसते हसलात. तेव्हा ती माझ्याकडे वळली, "सत्यजितकाका, यू टेल मी."

मी म्हटलं, "मोदक मस्त झालेत."

काका, इराकला जाणाऱ्या आर्मी ट्रकचे ब्रेक मी डिझाइन करतो. हे पत्र कुठल्या तोंडाने पाठवू?

तुमचाच पुतण्या,
सत्यजित