सकाळची उजळणी

प्रिय बुटके,

पत्र बघून म्हणशील, हिला फोन करता येत नाही का. येतो. पण मी फोनवर असले की माझा मुलगा दाराशी उगाच पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहतो. काळजी म्हणे.

आपल्या ऑपरेशन थिएटरमधल्या सकाळी तुला आठवत असतील. पहिला पेशंट यायच्या आधी मी स्टुलावर डोळे मिटून बसायचे आणि अख्खा दिवस मनात एकदा पार पाडायचे. कुठली केस आधी, कुठला ट्रे, कोणाच्या हाताखाली कोण. ओठ आणि बोटं आपोआप हलायची; कुठे चुकले तर ओठांवरून ओळखून तूच मला थांबवायचीस. तू बाकीच्यांना सांगायचीस, तोफ जपाला बसलीय, शिंकू नका. कॉन्व्हेंटमध्ये मदर सकाळी गप्प बसवायच्या तेव्हा आपण एकमेकींना चिमटे काढायचो, पण मला ती सवय जन्माची लागली. निवृत्त झाले तरी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसतेच. दूध, बँक, भाजी, सगळं आधी मनात उरकायचं, मग उठायचं.

मुलगा आणि सूनबाई हल्ली माझ्याकडे राहायला आलेत. मला तशी बसलेली बघून दोघं हादरले. हाक मारली तर आई ओ देत नाही. हाक मारण्याइतकं काय अडलं होतं, हे कोणी विचारत नाही. सूनबाई मोबाईलमधल्या बाईचं ऐकून चटईवर डोळे मिटते, ते ध्यान. मी मिटले की डोकं फिरलं. आता एकटीने गॅस पेटवायचा नाही. शेजारणीलाही सांगून ठेवलंय, आई खाली दिसल्या तर लक्ष असू द्या. सोमवारी डॉक्टरकडे नेणार, आणि पुढे म्हाताऱ्यांसाठीची एक जागा बघून ठेवलीय. छान बाग आहे म्हणे. बाग काय चाटायचीय मला?

त्यांचं म्हणणं, खुर्चीत बसून मी ह्यांच्या इंजेक्शनची वेळ पुटपुटते. पुटपुटत असेन. हे गेले, पण इतकी वर्षं दिवस त्या सुईनेच सुरू व्हायचा. जीभ जुन्या वाटेने जाते. असं मी मुलाला ठणकावून सांगितलं.

पुढचं त्याला ठाऊक नाही. परवा उजळणी संपवून उठले, साबणाने हात धुतले आणि ह्यांना उठवायला खोलीत गेले. पलंगावर सूनबाईने वाळलेले कपडे टाकले होते. पेशंटच्या पलंगावर हा पसारा कोणी केला, म्हणून मी इतकी चिडले की कपडे उचलायलाही लागले. निम्मे उचलून झाल्यावर लक्षात आलं.

म्हणून सोमवारच्या आधी ये. सकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढून बस. मी अख्खा दिवस मोठ्याने म्हणून दाखवीन. चुकेन तिथे पूर्वीसारखी थांबव. डॉक्टरने सांगितलं तर मी भांडेन. तू म्हणालीस, आता पुरे, तर मी मुकाट्याने त्या बागेच्या जागी राहायला जाईन. फक्त माझी कीव करून खोटं बोलू नकोस.

वाट बघणारी, तुझीच
तोफ