गोल बाजारातले पाच जण

तात्यापारा, रायपूर
९ ऑक्टोबर २००१

तीर्थरूप बाबांस शर्मिष्ठेचा शि. सा. न. वि. वि.

गोंदियात इंदूताईकडे तुमचे गुडघे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. तिच्या हातची वांगी रोज खाऊ नका, नाहीतर परत आल्यावर जिना चढवणार नाही.

इथे एक विचित्र प्रकार झालाय. दवाखान्यातलं काम आटोपून दर गुरुवारी मी गोल बाजारात रस्त्यावरच्या मनोरुग्णांशी बोलायला जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांतले पाच जण एका आठवड्यात नाहीसे झाले. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवरची कलावती, मुका नरहरी आणि आणखी तिघं. ठाणेदारांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, मॅडम, तुम्ही मानसशास्त्राच्या, भटकणं हा यांच्या आजाराचाच भाग आहे असं लिहून द्या, म्हणजे फाइल बंद करतो. वर हसून म्हणाले की राजधानी झाली आता, नव्या राज्याच्या वर्धापनदिनाच्या समारंभाला बाहेरचे पाहुणे येतील, बाजार साफ दिसला तर वाईट काय.

त्यांनी मागवलेला चहा तसाच ठेवून मी उठले. कलावती सहा वर्षांत बाजारातल्या नळापलीकडे गेलेली नाही, बाबा. ती कुठे भटकेल? मी सही केली नाही.

सचिन मजेत आहे. तब्येत जपा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची शर्मिष्ठा


गोंदिया
१४ ऑक्टोबर २००१

चि. शर्मिष्ठेस श्यामरावचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. वांगी बंद केली, आता इंदू भोपळा खाऊ घालून राहिली.

पोरी, तू काहून या भानगडीत पडून राहिली? ती माणसं आज इथं, उद्या तिथं. तुही सरकारी नोकरी आहे, ठाणेदाराशी वाकडं घेऊ नको. एक सही कर अन् मोकळी हो. तुह्या भावाच्या, सचिनच्या गाडीले दोन वर्षांनी कुठं नेमाचं काम भेटलं, समारंभाच्या सफाईचं. घरात आता शांतता पाहिजे मले. त्याले सकाळी गरम काही करून देत जा, पोट्टा उपाशीच निघते.

इंदूनं तुह्यासाठी एक स्थळ पाहिलं आहे. मुलगा बँकेत आहे, बोलतो कमी. तू दोघांच्या वाटचं बोलशील.

म्हाताऱ्याचं ऐक, अन् राग धरू नको.

तुझे बाबा


तात्यापारा, रायपूर
२३ ऑक्टोबर २००१

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. का, ते आता सांगते.

शुक्रवारी नरहरी परत आला. तळपाय फाटलेले, जखमांत माती. त्याला मलमपट्टीसाठी आपल्या घरी आणत होते. दारात सचिनची पिवळी गाडी उभी होती. ती दिसताच नरहरी मटकन खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि तिथेच त्याचे कपडे ओले झाले. तेव्हा मला गाडीतून येणारा फिनाइलचा वास जाणवला.

शनिवारी सकाळी सचिन पोहे खात होता. मी विचारलं, तर लपवलंही नाही. हिंदीतच म्हणाला, दीदी, ठेकेदार ने बोला था, बाजार साफ करना है, धमतरी के आगे जंगल में छोड़ आए, मारा थोड़ी ना है, रोटी भी दी थी. आणि लिंबू मागितलं. बाबा, त्याने लिंबू मागितलं! मी त्याच्यापुढची बशी उचलून मोरीत रिकामी केली. मीच केलेले पोहे होते ते.

मग मी ठाण्यात जाऊन बसले आणि ठाणेदारांना उठवूनच तिकडे नेलं. कलावती आणि आणखी एक जण एका गावात सापडले. गाववाल्यांनी त्यांना ओसरीवर ठेवून घेतलं होतं, आपल्यातलाच रात्रभर पाण्यात भिजवलेला बासी भात वाढत होते. त्यांची स्वतःची घरं गळकी. एकाचं प्रेत नाल्यात मिळालं. ते मला ओळखावं लागलं, वर्णन करत नाही. पाचवा अजून सापडलेला नाही.

सचिनविरुद्ध जबाब मी दिला. ठेकेदाराचं नावही दिलं. दोघं कोठडीत आहेत. तुम्ही मला काय म्हणाल ते माहीत नाही. म्हणायचं असेल ते मोकळेपणी लिहा.

शर्मिष्ठा


गोंदिया
२७ ऑक्टोबर २००१

चि. शर्मिष्ठेस,

तुही चिठ्ठी तीनदा वाचली. इंदूले दाखवली नाही.

सचिननं मले पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशीच फोन केला होता. म्हणे, बाबा, पागल लोकांले गाडीत भरून दूर सोडाचं काम आहे, करू का? मी विचारलं नाही की कुठं सोडून राहिला. थंडी आहे का, जवळ वस्ती आहे का, काहीच नाही. कर बाबा, म्हटलं, काम काम असते. अन् हसलो. ते हसू दोन दिवसांपासून कानात वाजून राहिलं आहे. तुले सही करायले सांगतलं तेव्हा मले सारं ठाऊक होतं.

रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, कोणाचं सामान हरवलं तर मी रात्रभर झोपत नव्हतो. अन् इथं माणसं होती. स्वतःचं तोंड आरशात पाहावत नाही.

सोमवारच्या गाडीनं येऊन राहिलो. ठाण्यात माह्याही जबाब घ्यायले सांग. पोट्ट्यानं विचारलं होतं अन् बापानं हो म्हटलं, असं लिहून देतो. मग त्या पाचव्याले शोधाले तुह्यासंगं जंगलात येतो. गुडघ्याचं मले सांगू नको.

आशीर्वाद लिहायले हात धजत नाही. स्टेशनवर नाही आली तरी चालेल.

श्यामराव