चाखण्याचा चमचा

३ जून, सकाळी सहा

ओट्यावर बाटल्या मांडून मागची बारीक अक्षरं वाचतो आहे. टोमॅटो सॉस — बाद. सोया सॉस — एका चमच्यात जवळजवळ अर्ध्या दिवसाचं मीठ, बाद! मोहरीचा — बाद. 'कमी सोडियम' लिहिलेलं मीठ हौसेनं आणलं, तर आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "त्यात पोटॅशियम असतं. तुमच्या मूत्रपिंडांना ते झेपायचं नाही." आगीतून फुफाट्यात! उरलं व्हिनेगर, लसूण, मिरपूड.

आई म्हणाली, "सॉस करून घर चालवणारा तू, नि तुलाच सॉस बंद. देवालाही थट्टा सुचते."

४ जून

हॉटेलात सॉस चाखतो, पण गिळत नाही. तोंडात फिरवून मोरीत थुंकतो. मालकांना दिसता कामा नये. आधीच्या आचाऱ्याला नुसता खोकला झाला, तर घरी बसवलं.

१९ जुलै

लसूण भाजून व्हिनेगरमध्ये वाटला, वर मिरपूड घातली. किती दिवसांनी जेवलो असं वाटलं! आईनं बोट चाटलं. "ह्याला चव म्हणायची?" मला खरंच लागत होती.

२ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, "रक्तातला आकडा वाढलेला नाही, पायांवर सूजही नाही. पथ्य सोडू नका."

देवा, असंच राहू दे.

११ ऑगस्ट

दोन गिऱ्हाइकांनी सॉस परत पाठवला. अळणी म्हणे! मला तर खारट लागला होता. रात्रभर विचार केला. मिठावाचून राहून माझी जीभच बदलली आहे. चिमूटभर घातलं तरी मूठभर वाटतं.

१२ ऑगस्ट

मीठ मापून घातलं. जमलं नाही. टोमॅटो रोज वेगळे — कधी आंबट, कधी पाणचट. वाढप्याला चाखायला दिला. दिवसभर बिड्या ओढतो तो. म्हणाला, "मला काय, तू दगड शिजव, तोही झकास लागेल."

१६ ऑगस्ट

मालकांनी सगळ्यांदेखत कढईत चमचा आपटला. "तुझ्या हातची चव गेली. लग्नबिग्न ठरलंय का? आठवडाभर बघतो, नाहीतर दुसरा आचारी आणतो."

सगळे हसले. मीही हसलो.

दुसरीकडे गेलो तरी आधी चाखूनच दाखवावं लागणार. मला दुसरं काही येत नाही. सातवीत शाळा सोडली ती कढईसाठीच.

१७ ऑगस्ट

आज थुंकलो नाही. जेवणही हॉटेलातच घेतलं, सगळ्यांसारखं. जीभ पुन्हा मिठाला सरावायला हवी. पहिला घास जिभेला झोंबला. आईला सांगितलं, भूक नाही.

२३ ऑगस्ट

सॉस जमला! मालकांनी पाठीवर थाप मारली — "आलास की नाही ठिकाणावर!"

संध्याकाळी चपलेत पाय जाईना. आईला म्हटलं, पावसात भिजून चप्पल आटली.